मुलं कट्टरतेच्या वाटेला जाऊ नयेत म्हणून घरात आणि शाळेत या चुका टाळा

१९९३ च्या सुरुवातीला रायगड जिल्ह्यात दिघीला आणि श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण तो माल किनाऱ्यावरून मुंबईपर्यंत किती हातांतून गेला, हे मुलांना कोणी सांगत नाही. कट रचणारे मोजके होते. बाकी माल उतरवणारे, गाड्या हाकणारे, पैसे घेऊन डोळेझाक करणारे. खटल्यात कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. सोन्याचांदीच्या तस्करीची या किनाऱ्याला सवय होती, आणि त्या सवयीचा पहिला नियम म्हणजे माल कसला ते विचारायचं नाही.

म्हणून लहानपणीच्या शिक्षणाने दहशतवाद कसा रोखायचा, हा प्रश्न मला फक्त माथी भडकलेल्या पोरांपुरता वाटत नाही. द्वेष न करणारं मूल घडवायचंच, पण ‘यात काय आहे?’ असं मोठ्या माणसाला तोंडावर विचारू शकणारं मूलही घडवायचं. आपण नेमकं इथेच चुकतो.

‘गप्प बस, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको’

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो. सहावी-सातवीतलं पोर वर्गात विचारतं, “सर, ते लोक आपल्या विरुद्ध आहेत ना? मामाच्या मोबाईलवर आलंय.” वर्ग एकदम चिडीचूप. सर म्हणतात, “हे धड्यात नाही, पुस्तक काढ.” प्रश्न तिथे संपत नाही. पोर तो घेऊन ज्याच्याकडे तयार उत्तर आहे त्याच्याकडे जातं, आणि तयार उत्तरं कट्टर माणसाकडे भरपूर असतात.

अशा वेळी वर्ग थांबवावा. मार्च २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापुरात शिमग्याला काय झालं ते घ्या. होळीचं खोड मशिदीच्या पायऱ्यांना टेकवायची तिथली जुनी प्रथा. त्या वेळी घोषणाबाजी झाली, वाद झाला, गुन्हेही नोंदवले गेले. पण देशभर फिरलेल्या क्लिपमधून प्रथा गायब होती, आणि मशिदीवर हल्ला झाल्याचा दावा पोलिसांना खोडून काढावा लागला. असा एखादा प्रसंग फळ्यावर मांडा आणि मुलांनाच विचारू द्या: व्हिडिओ कोणी काढला? किती सेकंदांचा आहे? त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं? तिथे राहणाऱ्या कोणाला फोन करता येईल? हा फॉरवर्ड पाठवून कोणाचा फायदा? एका तासिकेत होणारं काम आहे. महिन्यातून एकदा केलं तरी मुलं घरच्या ग्रुपवरचे मेसेज तपासायला लागतात. घरी थोडी कुरकुर होईल, ती होऊ द्यावी.

यात शिक्षकाने आपलं मत लादू नये आणि ‘दोन्हीकडचे सारखेच’ म्हणून अंगही काढून घेऊ नये. जे घडलं ते घडलं म्हणून सांगावं. १९९३ च्या स्फोटांबद्दल बोलताना त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली, हेही सांगावं लागतं. त्याने स्फोटांचं समर्थन होत नाही. सूड कसा साखळीने पुढे जातो, ते मुलांना दिसतं.

तिसऱ्या बाकाकडे वळणाऱ्या माना

२६ नोव्हेंबरला शाळेत संविधान दिन असतो आणि २६/११ च्या शहिदांना श्रद्धांजलीही. हल्ल्याची माहिती सांगताना वर्गातल्या माना हळूच एका बाकाकडे वळतात. तिथे बसलेला दाभोळचा किंवा म्हसळ्याचा मुसलमान मुलगा खाली बघायला लागतो. त्याने काही केलेलं नसतं, तरी त्या दिवशी त्याला कळतं की आपल्याला हिशेब द्यावा लागणार आहे. शिक्षकाने ते पाहिलं आणि सोडून दिलं, तर सकाळी वाचलेल्या उद्देशिकेतली बंधुता तिथेच विरली. सांगताना पूर्ण सांगा. सीएसएमटीवर गोळ्यांना बळी पडलेल्यांत मुसलमान प्रवासीही होते. हल्लेखोर कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा ‘तुम्ही कोण, कुठले?’ असं त्यांना हटकलं ते कोळी लोकांनी.

कट्टरता कुठल्याही एका धर्माची मिरास नाही. मुलाच्या कपाळावरचं गंध, डोक्यावरची टोपी, नेमाने केलेली पूजा किंवा नमाज ही धोक्याची खूण मुळीच नव्हे. हे शिक्षकांच्या बैठकीत स्पष्ट बोललं गेलं पाहिजे.

‘शिकला की मार्गाला लागला’

दहावीला टक्के, मग सायन्स, मग मुंबई किंवा आखात. या वाटेवर पोरगं सुरक्षित आहे असं पालक धरून चालतात. अभ्यास वेगळं सांगतो. गॅम्बेटा आणि हेर्टॉग या समाजशास्त्रज्ञांना हिंसक इस्लामी गटांमधल्या उच्चशिक्षितांत इंजिनिअरांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा खूपच जास्त आढळलं. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर यांनाही गरिबी किंवा कमी शिक्षण आणि दहशतवाद यांच्यात सरळ संबंध सापडला नाही. तेव्हा पदवीवर भरवसा ठेवून इतिहास, नागरिकशास्त्र आणि वाचनाचा तास प्रॅक्टिकलसाठी कापणं थांबवा.

वाडी एक, शाळा तीन

एकाच गावातली मुलं मराठी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमात विभागली जातात आणि दहा-बारा वर्षं एकमेकांच्या डब्यात काय आहे हेही त्यांना कळत नाही. माध्यम बदलायला सांगत नाही, तो पालकांचा हक्क. पण कबड्डीचा संघ, किनारा सफाई, स्नेहसंमेलनातलं नाटक या गोष्टी दोन शाळा मिळून करू शकतात. कोकणाला हे नवं नाही. रत्नागिरीजवळच्या हातीसला पीर बाबरशेखच्या उरुसाला हिंदू घरं राबतात. मुलांना तिथे न्या. पालगडचे साने गुरुजी आणि चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई ही आपल्याच मातीतली माणसं, त्यांच्याबद्दलही सांगा.

चारचौघांत अपमान

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. जात, धर्म, बापाचा धंदा काढून केलेला टोमणा हा छळच. अपमान झालेल्या पोराला ‘तू खरा शूर’ म्हणणारा कोणी भेटला, की ते त्याच्या मागे जातं.

मूल बदललंय असं वाटलं तर

जुने दोस्त अचानक तुटले, बोलण्यात सारखं ‘आपण’ आणि ‘ते’ यायला लागलं, कोणाच्या मरणाचा आनंद व्हायला लागला, एका ऑनलाइन ‘भाई’चं नाव सतत निघायला लागलं, तर लक्ष द्या. यातली एखादी गोष्ट वयामुळेही असते. तीन-चार एकत्र दिसल्या तर थांबू नका.

पहिल्याच दिवशी फोन हिसकावू नका. फोन गेला की बोलणं बंद होतं, आणि दुसरा फोन मिळतोच. वादही घालू नका, त्याची सगळी उत्तरं पाठ असतात. ज्याच्यावर त्याचा जीव आहे ते माणूस शोधा: आजी, आतेभाऊ, खेळाचे सर. त्यांनी आधी ऐकावं. हे सुरू होण्यापूर्वी काय घडलं होतं, मार, नापास होणं, कोणाचं हिणवणं, ते बऱ्याचदा तिथे निघतं. वडील आखातात असतील तर त्यांना लगेच कळवा. ‘त्यांना उगाच काळजी’ म्हणून आया महिनोन्‌महिने लपवतात, तसं करू नका. आठवड्यातून दोनदा तरी बापलेकांनी अभ्यास आणि मार्क सोडून बोलावं.

समुपदेशनासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे नंबर आहेत. हत्यार, स्फोटकं, ठरलेली तारीख किंवा घर सोडून जाण्याची भाषा कानावर आली, तर मात्र घरातल्या घरात मिटवायला बसू नका. त्याच वेळी ११२ ला फोन करा आणि गावातल्या एका जबाबदार माणसाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा. बोलणं कधी झालं, कोणाशी झालं, मेसेज काय होता, हे कागदावर लिहून न्या आणि फोनमधलं काहीही पुसू नका.