'व्हेरी ब्यूटिफुल'च्या पलीकडे: इंग्रजीत सौंदर्य नेमकं कसं सांगावं

मी येवल्याच्या पैठण्यांची इंग्रजी वर्णनं लिहिते. गिऱ्हाईक बंगलोरचं असो की न्यू जर्सीचं, साडीला हात न लावता फोटो आणि त्याखालच्या चार ओळी यांच्या भरवशावर ते पैसे पाठवतं. त्यामुळे विशेषण निवडणं हे माझ्या लेखी जबाबदारीचं काम आहे. विणकरांच्या घरातली मुलं आता स्वतःच फोटो टाकून साड्या विकू लागलीत, याचा मला फार आनंद आहे. पण प्रत्येक फोटोखाली 'व्हेरी ब्यूटिफुल साडी' एवढंच दिसतं. हे मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि इंग्रजीत कुणाचं कौतुक करताना अडणाऱ्या सगळ्यांसाठी.

ब्यूटिफुल कुठेच चुकत नाही. माणूस, साडी, गाणं, संध्याकाळ, कुणाचा स्वभाव, सगळ्यांना चालतो. अडचण एवढीच, की त्यातून समोरच्याला काही दिसत नाही. म्हणून लिहायच्या आधी बघा, आपली नजर कुठे खिळली: रंगावर, हातकामावर, की एकूण डौलावर? तिथेच निम्मा शब्द सापडतो.

हातकामावर खिळली असेल तर एक्स्क्विझिट. बांगडीमोराचा पदर जवळून पाहा. गोल बांगडीच्या आत मोर, त्याच्या पिसाऱ्यातला प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याचा, आणि ते धागे हाताने एकमेकांत असे अडकवलेले की पदर उलटा केला तरी नक्षी जवळजवळ तशीच दिसते. एक्स्क्विझिट हा लॅटिनमधून आलेला शब्द. मुळात अर्थ 'नीट शोधून, पारखून काढलेलं'. तो बारकाईसाठी राखून ठेवा. शिवाय अख्ख्या साडीला न लावता नेमक्या भागाला लावा: 'ॲन एक्स्क्विझिट बांगडीमोर पल्लू'. गिऱ्हाईक लगेच फोटो मोठा करून पदर बघतं.

गॉर्जस म्हणजे थाट. जांभळा किंवा राणी रंग, रुंद काठ, भरगच्च जर, लग्नातली साडी. एलिगंट याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. नारळी काठ, अंगभर एकच रंग, लांब लांब विणलेली बारीक बुट्टी, कुठेही जास्त काही नाही, ते एलिगंट. म्हणून एकाच साडीला गॉर्जस आणि एलिगंट दोन्ही म्हणू नका. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठलंच चित्र उभं राहत नाही. ग्रेसफुलमध्ये हालचाल आहे. घडी घातलेल्या साडीला तो शोभत नाही. नेसल्यावर निऱ्या कशा पडतात, चालताना पदर कसा झुलतो, याला तो लावा. आणि स्ट्रायकिंग म्हणजे पाहताक्षणी लक्ष वेधणारं. लाल काठाची काळी चंद्रकळा स्ट्रायकिंग आहे. या शब्दात सौंदर्यापेक्षा ठसा जास्त, त्यामुळे चेहऱ्याबद्दलही वापरतात.

प्रिटी जपून. तो लहान, हलक्या, गोड गोष्टींचा शब्द आहे. सुती साडीवरची फुलं, मुलीचा परकर-पोलका, कानातले डूल, हे प्रिटी. महिनोन्‌महिने मागावर असलेल्या पैठणीला प्रिटी म्हणणं म्हणजे विणकराच्या कष्टांना कमी लेखणं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि 'प्रिटी एक्स्पेन्सिव्ह' वाचून कुणी 'सुंदर आणि महाग' समजू नये. तिथे प्रिटीचा अर्थ 'बऱ्यापैकी' एवढाच.

व्हेरीचंही एक पथ्य आहे. ब्यूटिफुल, प्रिटी, एलिगंट यांच्याआधी व्हेरी चालतो. गॉर्जस, स्टनिंग, एक्स्क्विझिट, ब्रेथटेकिंग यांच्यात 'अतिशय' आधीच भरलेलं आहे, त्यामुळे 'व्हेरी स्टनिंग' कानाला खटकतं. जोर हवाच असेल तर 'ॲब्सोल्यूटली स्टनिंग' म्हणा. 'मोअर प्रिटियर' तर नकोच. नुसतं प्रिटियर पुरतं.

माणसांबद्दल बोलताना चार शब्द सांभाळा. हँडसम बहुधा पुरुषांसाठी. स्त्रीला म्हटलं तर चेहरा रेखीव, व्यक्तिमत्त्व भारदस्त असा अर्थ होतो. क्यूट लहान मुलांना शोभतो, पण कार्यालयातल्या वरिष्ठांना म्हणू नका. स्मार्ट आपण 'दिसायला छान' म्हणून वापरतो. अमेरिकेत त्याचा अर्थ हुशार, ब्रिटनमध्ये बऱ्याचदा नीटनेटका पोशाख केलेला. सगळ्यांत घात करतो तो होमली. लग्नाच्या जाहिरातींत आपल्याकडे तो 'घर सांभाळणारी' अशा अर्थाने छापला जातो, आणि अमेरिकेतला वाचक त्याचा अर्थ 'दिसायला यथातथा' असा घेतो. परदेशातल्या स्थळाला मुलीची माहिती पाठवताना तो शब्द काढूनच टाका. 'वॉर्म अँड फॅमिली-ओरिएंटेड' लिहा.

त्याच जाहिरातींतला फेअरही काढा. 'सुंदर' हा त्याचा अर्थ आता जुन्या कवितांतच उरलाय, त्वचेबद्दल म्हटलं की तो फक्त गोरेपणा. हिंदुस्तान युनिलिव्हरने 2020 मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केलं, मग आपण तो शब्द कशाला धरून बसायचं? सावळ्या मुलीला लव्हली म्हणा. त्या शब्दात दिसणं आणि माया दोन्ही येतं.

निसर्गाचं थोडक्यात सांगते. रस्ता किंवा प्रवास सिनिक, कौलारू घरांचं गाव पिक्चरेस्क. कोकणकड्याच्या टोकावरून खाली पाहताना पोटात गोळा येतो आणि तरी नजर हटत नाही, ते सब्लाइम. एडमंड बर्क या विचारवंताने 1757 मध्येच सब्लाइम आणि ब्यूटिफुल वेगळे काढून पहिल्याची सांगड भीतीशी आणि विशालतेशी घातली होती.

राहिला क्रम. मत देणारं विशेषण सगळ्यांत आधी, मग आकार, मग रंग, आणि शेवटी कापड: 'ॲन एलिगंट पर्पल सिल्क साडी'. 'सिल्क पर्पल एलिगंट' असं उलटं होत नाही. एका नामाला मत देणारं विशेषण एकच ठेवा आणि पुढच्या वाक्यात त्याचं कारण द्या. मी असं लिहिते: 'ॲन एलिगंट पर्पल सिल्क पैठणी. द नॅरो नारळी बॉर्डर अँड टायनी गोल्ड बुट्टीज कीप इट लाइट. द पल्लू इज हँडवोव्हन, अँड लुक्स ऑलमोस्ट द सेम ऑन बोथ साइड्स.'