प्रोस्टेटवर बिनटाक्यांचा उपचार घेण्याआधी काय मोजायचं

स्वारगेटहून हिंजवडीला निघायचं तर वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी आठवायचं, बसमध्ये पाणी प्यायचं नाही, रात्री तीनदा उठायचं. साठीनंतर हे चालायचंच, असं समजून गप्प बसू नका. वाढलेल्या प्रोस्टेटवर (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) मोठी शस्त्रक्रिया टाळून करता येणारे उपचार आहेत. मात्र कोणता लागू पडेल हे ग्रंथी केवढी आहे आणि कुठे वाढली आहे यावर ठरतं.

सुरुवात घरीच करा. मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवा आणि तीन दिवस वहीत लिहा: वेळ, लघवी किती मिली, चहा-पाणी किती. झोपल्यानंतरची आणि सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मिळून रात्रीची बेरीज होते. ती चोवीस तासांतल्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली, तर रात्री लघवीच जास्त तयार होते आहे. कारण पायांवरची सूज, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं किंवा उशिरा प्यायलेलं पाणी असू शकतं. अशा वेळी ग्रंथीवर उपचार केला तरी रात्रीचं उठणं पुरतं थांबत नाही. हे आधी न कळल्याने पुढे फार निराशा होते.

मग युरोफ्लो, म्हणजे लघवीच्या धारेचा वेग मोजणारी तपासणी, आणि सोनोग्राफी. युरोफ्लोला निदान 150 मिली लघवी व्हायला हवी. नेमकी चूक इथे होते: रांगेत बसून लिटरभर पाणी प्यायचं आणि असह्य होईपर्यंत रोखायचं. मूत्राशय जास्त ताणलं गेलं की धार कमी दिसते आणि मागे उरलेली लघवी जास्त दिसते. नेहमीसारखी लागली की सांगा. धारेचा कमाल वेग सेकंदाला 10 मिलीच्या खाली असेल तर अडथळ्याची शंका येते. पण मूत्राशयाचा स्नायू थकला असला तरी आकडा असाच येतो. जुना मधुमेह असेल तर युरोडायनॅमिक तपासणीबद्दल (मूत्राशयातला दाब मोजणारी) विचारा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ग्रंथीचा आकार, मधला लोब (ग्रंथीचा मधला भाग) वाढला आहे का आणि उरलेली लघवी, या तीन गोष्टी शोधा. पीएसए या प्रोस्टेटच्या रक्ततपासणीच्या आधी दोन दिवस सायकल आणि वीर्यस्खलन टाळा. ग्रंथी लहान करणारी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने चालू असेल तर पीएसए साधारण निम्मा दिसतो, म्हणून ती गोळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

साधारण 30 ते 80 ग्रॅमची ग्रंथी असेल तर दोन पर्याय पुढे येतात. युरोलिफ्टमध्ये बारीक इम्प्लांट बसवून ग्रंथीच्या बाजू मागे ओढून धरतात. वीर्यस्खलन टिकतं, लघवीची नळी बऱ्याचदा लागत नाही. पण मधला लोब मोठा असेल तर हा पर्याय सहसा बसत नाही. मूळ चाचणीत 5 वर्षांत शंभरात 13-14 जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. रेझुममध्ये 103 अंशांची वाफ दर टोचणीला 9 सेकंद सोडतात, मधल्या लोबलाही देता येते. तिथे फेरशस्त्रक्रिया शंभरात 4-5 जणांना लागली. वाफेने ग्रंथी आधी सुजते, म्हणून नळी काही दिवस राहते, जळजळ वाढते आणि सुरुवातीचे आठवडे आधीपेक्षा वाईट वाटतात. उपचार फसला असं समजू नका. पूर्ण फरक दिसायला तीन महिने लागू शकतात.

ग्रंथी फार मोठी असेल किंवा भूल झेपणार नसेल, तर मनगटातल्या वा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून ग्रंथीचा रक्तपुरवठा कमी करतात. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं (एक्स-रे बघत रक्तवाहिन्यांतून उपचार करणारे डॉक्टर) आहे, त्यामुळे त्यांचं मत वेगळं घ्यावं लागेल.

मूत्राशयात खडे, अडथळ्यामुळे किडनीवर ताण किंवा लघवी वारंवार तुंबणं असेल, तर टीयूआरपी (मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथी खरवडण्याची शस्त्रक्रिया) किंवा लेझर हाच भरवशाचा रस्ता. धार त्यांनीच जास्त सुधारते. मात्र त्यानंतर बहुतेकांचं वीर्य मागे मूत्राशयात जातं, हे आधी घरी बोलून घ्या.

नळीसह घरी आल्यावर लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवा, रिक्षातसुद्धा मांडीवर घेऊ नका. दुचाकी डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद, खड्ड्यांचे हादरे तिथेच बसतात. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. सर्दीची गोळी मनाने घेऊ नका, काही गोळ्यांनी लघवी तुंबते. पिशवीत दोन तास काहीच आलं नाही आणि ओटीपोट टणक झालं, तर नळी कुठे मुडपली आहे का ते पाहा. मोकळी असूनही थेंब येत नसेल, रक्ताच्या गाठी पडत असतील किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.