मिशन ट्रीप संपली, आता पुण्यात काय करायचं?

उन्हाळ्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत चर्चच्या तरुण संघाची मिशन ट्रीप नंदुरबारकडे नाहीतर मेळघाटात जाते. पहाटेची प्रार्थना, दिवसा मुलांचे वर्ग, शाळेच्या भिंतींना रंग, रात्री गाणी. परतल्यावर रविवारच्या उपासनेत साक्ष होते, म्हणजे तिथला अनुभव सगळ्यांसमोर सांगितला जातो, आणि सोमवारी आपण हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये पुढच्या रिक्षावाल्यावर खेकसत असतो. तिकडे प्रेमानं वागणं तसं सोपं होतं. वेळापत्रक पाळकसाहेबांनी आखलेलं आणि परतीचं तिकीट खिशात. इथं तीच माणसं रोज समोर येतात, आणि आपला स्वभाव त्यांना पक्का ठाऊक असतो. म्हणून पुण्यातली सेवा लहान हवी, ठरलेल्या वेळेची हवी आणि आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवरची हवी.

१. आधी तिथं दिलेला शब्द पाळा

निघताना भावनेच्या भरात बरंच बोललं जातं. ‘फोटो पाठवतो’, ‘पोरीच्या कॉलेजचं बघतो’, ‘पावसाळ्यानंतर येतोच’. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी बसून हे कागदावर उतरवा आणि प्रत्येक शब्दापुढे एकाचं नाव लिहा. फोटो छापून पोस्टानं पाठवा. लहान मुलांचे फोटो स्टेटसवर टाकू नका. जे जमणार नाही, ते फोन करून स्पष्ट सांगा. माणूस वाट बघत राहतो, ते जास्त वाईट.

पुण्याजवळच याचा मोठा धडा आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या. पण खरं काम पुढे वर्षानुवर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये चाललं: शाळा, शिवण, विणकाम, छापखाना. दौंडच्या गाडीनं एकदा जाऊन बघून या.

२. थकलेलं देणं आधी चुकतं करा

दयेच्या गोष्टी करण्याआधी घरचा हिशेब बघा. घरकामाच्या मावशींचा पगार ठरलेल्या तारखेला हातात पडतो का? त्यांना आठवड्याची सुट्टी आहे का? मूल आजारी पडलं म्हणून त्या आल्या नाहीत, तर खाडा कापता का? अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (५:४) आहे. पगार थकवून नाताळला साडी देण्यात काही अर्थ नाही.

३. रोजच्या कचऱ्यापासून सुरुवात करा

‘सेवा’ म्हटलं की हे कुणाला सुचत नाही, आणि माझ्या मते नव्यानं करायच्या सेवेत सगळ्यात आधी हेच करावं. पुण्याच्या बऱ्याच भागांत दारोदार कचरा गोळा करतात ते ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद. त्यात बहुतेक बायकाच. ओला-सुका एकत्र आला तर तो त्यांना हातानं निवडावा लागतो. डाळीच्या उरलेल्या पाण्यात भिजलेली रद्दी, त्यातच ब्लेड.

तेव्हा फुटलेला ग्लास जाड कागदात गुंडाळा, चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात बांधून लाल ठिपका करा, म्हणजे पुडी कुणी उघडत नाही. दुधाच्या पिशव्या विसळून वाळवून वेगळ्या ठेवा. त्या भंगारात विकल्या जातात, तेवढीच वरकमाई. महिन्याचे पैसे मागायला लावू नका. हे एवढं जमलं की मग नाव विचारा, गाव विचारा.

आणि चहा देत असाल तर घरातल्याच कपात द्या. पुण्यानं चहावरून बरंच पाहिलंय. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा-बिस्किटांचा पाहुणचार झाला आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. टिळक आणि रानडे, दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आपण त्याला हसतो, आणि आपल्याच सोसायटीच्या वॉचमनचा दांडी तुटलेला कप खिडकीत पालथा घातलेला असतो.

४. ससून रुग्णालयात जायचं तर मोकळ्या हातानं, पण वेळ काढून जा

फळं, बिस्किटं वाटून फोटो काढणाऱ्यांची तिथं वाण नाही. सिस्टरना न विचारता खायला नेऊ नका. मधुमेहाच्या पेशंटला शिरा भरवणारे महाभाग असतात. बाहेरगावाहून आलेल्या नातेवाइकाची अडचण वेगळी असते. कुठला कागद कुठं द्यायचा हे कळत नाही, झेरॉक्सला जायचं तर पेशंटपाशी कोण बसणार? अशा वेळी विचारा, “काका, मी बसतो अर्धा तास, तुम्ही अंघोळ करून या.” महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ असतात. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन नातेवाइकाला त्यांच्यापर्यंत पोचवलंत, तरी मोठं काम झालं.

एवढा वेळ नसेल तर रक्त द्या. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. मे महिन्यात गरज जास्त असते, कारण नेहमीचे रक्तदाते गावी गेलेले असतात.

५. अट घालू नका

हे जपून वाचा. डब्यासोबत धर्मप्रचाराची पत्रिका सरकवायची नाही. मदत केली म्हणून रविवारी चर्चला बोलवायचं नाही. आजारी, अडलेल्या माणसाला नाही म्हणणं कठीण जातं. त्याच्या त्या अडचणीत आपली सुवार्ता घुसडणं म्हणजे देवाणघेवाण झाली. येशूच्या दाखल्यातल्या शोमरोनी माणसानं खाणावळवाल्याला जखमीच्या खर्चाचे पैसे दिले, पत्ता विचारला नाही. कुणी आपणहून विचारलं, “तुम्ही हे का करता?” तर लपवूही नका. दोन वाक्यांत सरळ सांगा: येशूवर माझा विश्वास आहे, त्यानं असं वागायला सांगितलंय. पुढे ऐकायचं की नाही, हे त्यांच्यावर सोडा.

६. एकट्यानं करू नका

ट्रीपमधलेच तिघं-चौघं एकत्र या, एकच काम धरा. दोन आजींना दर शनिवारी औषधं आणून देणं, एवढंही चालेल. पैसे किती घालायचे ते आधीच ठरवा, आणि हिशेब ट्रीपला न आलेल्या कुणाकडे तरी द्या, तो जास्त काटेकोर असतो. परीक्षा, लग्नसराई आणि आषाढात पालखीमुळे रस्ते बंद असतात ते दिवस, यांत कुणाची पाळी कोण घेणार हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून टाका. पाळी चुकणार असेल तर आदल्या दिवशी आजींना फोन करायचा. ग्रुपवर टाकलेला निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही.