श्रद्धाळू, घरावर जीव असलेल्या वडिलांचा स्मृतिलेख कसा लिहावा

‘ते अत्यंत धार्मिक आणि कुटुंबवत्सल होते’ हे वाक्य बहुतेक स्मृतिलेखांत असते आणि त्यातून माणूस काही कळत नाही. ते धार्मिक होते हे घरातल्यांना कशावरून जाणवायचे, हे आधी आठवा. कुणाची झोप मोडू नये म्हणून पहाटे दिवा न लावता ते अंधारातच प्रार्थनेला बसत असतील, तर तेवढे एक वाक्य पुरते. त्यात श्रद्धा आली आणि घरही आले. देव आणि आपली माणसे एकाच कृतीत दिसतात अशा दोन-तीन जागा सापडल्या, की अर्धा लेख झाला समजा.

त्या सापडेपर्यंत लिहायला बसू नका, नुसते जमवा. सुरुवात त्यांच्या फोनपासून करा. फोन रीसेट करण्याआधी किंवा सिमकार्ड बंद करण्याआधी त्यांच्या आवाजातले निरोप, फोटो आणि लिहून ठेवलेल्या नोंदी दुसरीकडे उतरवून घ्या. घाईघाईत आवरताना नेमके हेच पुसले जाते आणि परत मिळत नाही.

मग त्यांचा नेहमीच्या वाचनातला धर्मग्रंथ घ्या. आतल्या खुणा, चिठ्ठ्या, दुमडलेले कोपरे जागचे हलवू नका. ज्या पानावर काही खूण असेल त्याचा फोटो काढा: फ्लॅश बंद, उजेड खिडकीतून एका बाजूने, पान क्रमांक चौकटीत येईल असा. बाजूने उजेड आला की पुसट झालेली पेन्सिलही वाचता येते. समासात तारखा लिहिलेल्या असतील तर त्या घरातल्या घटनांशी ताडून पाहा. कुणाचे ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाचा जन्म. एखाद्या ओळीशेजारी मुलाच्या ऑपरेशनची तारीख निघाली, तर ते वडील कसे होते हे त्या समासातच लिहिलेले आहे. मात्र तारीख जुळली म्हणून कारण तेच होते असे ठरवू नका. त्या दिवसांत घरात असलेल्या माणसाला विचारून घ्या.

किमान चार जणांशी बोला: आई, त्यांचे एखादे भावंड किंवा बालमित्र, कामावरचा सोबती आणि प्रार्थनास्थळी त्यांच्याबरोबर असणारे कुणी. ‘ते कसे होते?’ असे विचारले की ‘फार चांगले होते’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा: रागावले की नंतर काय करायचे? पैशांची ओढाताण असतानाही कोणती गोष्ट त्यांनी सोडली नाही? प्रार्थनेत कुणाकुणाची नावे घ्यायचे? रेकॉर्ड करायचे तर परवानगी घ्या, फोन फ्लाइट मोडवर टाकून हातभर अंतरावर ठेवा आणि पंखा बंद करा. पंख्याच्या घरघरीत हळू बोललेले हरवते. आईशी एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त बोलू नका. त्या दिवसांत ती बोलते तेव्हाही थकलेलीच असते.

लेख शोकसभेत वाचून दाखवायचा असेल, तर तो पाच-सहा मिनिटांचा ठेवा. दुःखात माणूस सावकाश वाचतो, मिनिटाला साधारण शंभर शब्द धरा. म्हणजे पाचशे ते सहाशे शब्द झाले. जन्म, शिक्षण, नोकरी हे सगळे मिळून शंभर शब्दांत आटपा आणि त्याने सुरुवात करू नका. सुरुवात त्यांच्या एखाद्या रोजच्या सवयीने करा. मधले तीनशे शब्द त्या दोन-तीन प्रसंगांना द्या.

ग्रंथातले वचन एकच घ्या, दोन ते चार ओळींचे, आणि ते त्यांच्याच प्रतीतून उतरवा, कारण आवृत्ती आणि अनुवाद बदलला की शब्द बदलतात आणि जाणकारांना ते लगेच खटकते. ते त्यांना का प्रिय होते हे एका वाक्यात सांगा आणि उच्चार माहीतगाराकडून तपासून घ्या. परलोकाबद्दल लिहिताना ‘त्यांचा असा विश्वास होता’ असे लिहा. ऐकणाऱ्यांत वेगळ्या श्रद्धेचे आणि श्रद्धा नसलेलेही असतात. त्यांची श्रद्धा त्यांच्या नावावर राहू दिली की ती सगळ्यांना आदराने ऐकता येते. शिवाय ‘देवाचीच इच्छा’ हे वाक्य नुकत्याच एकट्या पडलेल्या बाईला फार लागू शकते.

ते कडक होते, नियमांवरून मुलांशी खटके उडाले, हेही एका वाक्यात येऊ द्या. निव्वळ गुणगान घरच्यांना खरे वाटत नाही. पण जुने हिशेब इथे काढू नयेत. अशी वाक्ये आईला आधी वाचून दाखवा, ती नको म्हणाली तर काढून टाका.

सर्वांत जास्त मने दुखावतात ती नावांच्या यादीत. सावत्र मुले, आधी वारलेले अपत्य, सुना-जावई, शेवटच्या आजारात सेवा केलेली व्यक्ती यांतले कुणीतरी हमखास राहते. यादी आई-वडील अशा दोन्हीकडच्या एकेका माणसाला दाखवा. तारखा आठवणीवरून नको, कागदपत्रांवरून घ्या. ऑनलाइन टाकणार असाल तर पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता आणि पत्नीचे माहेरचे आडनाव वगळा. याच माहितीवर फसवणूक होते.

वाचण्याची प्रत कागदावरच हवी. मोबाइलची स्क्रीन मध्येच बंद होते. अक्षर १६ ते १८ पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला छपाई, पानांना क्रमांक. मोठ्याने किमान तीनदा वाचा. आवाज कुठे भरून येतो ते तिथे कळते. बहुतेकदा मृत्यूच्या उल्लेखापाशी नाही, तर एखाद्या लाडक्या हाकेपाशी. तिथे तिरकी रेघ मारा, थांबा, घोटभर पाणी प्या. दुसरी प्रत, आधी एकदा वाचून ठेवलेली, पुढच्या रांगेतल्या कुणाकडे द्या. तुम्हाला पुढे वाचता आले नाही तर ते उठून वाचतील.

कार्यक्रम झाल्यावर लेख आणि रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवा. जुने छोटे फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा आणि नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एरवी दर्जा उतरतो. फोटोमागे नावे आणि साल मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.