ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पात माणसे कमी करण्याआधी

ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार करणाऱ्या प्रकल्पात रुजू होणाऱ्या नव्या इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरला पहिले काम बहुधा मजुरीचा खर्च कमी करण्याचेच मिळते. मलाही तेच मिळाले. आमचा प्रकल्प दिवसाला ५ टनांचा होता आणि त्यात हॉटेलांचा व मंडईचा कचरा येत असे. वजनकाटा, कन्व्हेयर, क्रशर आणि डायजेस्टरला (कचरा कुजून गॅस तयार होतो ती बंद टाकी) स्लरी, म्हणजे कचऱ्याचा पातळ लगदा, देणारा पंप मी पीएलसीवर (यंत्रे आपोआप चालवणारा औद्योगिक संगणक) आणला, रात्रपाळी बंद झाली, आणि दोन महिने माझे कौतुकही झाले.

त्यानंतर जे घडले ते सविस्तर सांगतो, कारण नवा माणूस याच ठिकाणी फसतो. स्लरीचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ६.८च्या खाली गेला की पंप आपोआप थांबेल, अशी व्यवस्था मी केली होती. लग्नसराईत भात, गोड पदार्थ आणि तळण यांचे प्रमाण वाढले, तरी पडद्यावर ७.१ हा आकडा दिवसेंदिवस जागचा हलत नव्हता, आणि त्या स्थिरपणाचा मला आनंद वाटत होता. प्रत्यक्षात पीएच मोजणाऱ्या प्रोबवर तेला-तुपाचा थर बसला होता. गॅसमधील मिथेन घटून जनरेटर बंद पडू लागला तेव्हा मी बाटलीत नमुना काढून तपासला, तर पीएच ५.८ निघाला. पंप मात्र वेळापत्रकाप्रमाणे स्लरी ढकलत होता. फीड, म्हणजे आत जाणारी स्लरी, थांबवून, खाण्याचा सोडा आणि शेणाची स्लरी घालून डायजेस्टर सावरायला सहा आठवडे लागले. पूर्वी रात्रपाळीला असलेल्या ऑपरेटरकाकांना आंबूस वास आणि फेस पाहून हे आधीच कळत असे. त्यांची पाळी मीच काढून टाकली होती, याची बोच अजून गेलेली नाही.

प्रोब रोज पुसला असता तरी मी पूर्ण वाचलो नसतो. आम्ल तयार करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेन तयार करणारे मात्र फार सावकाश वाढतात. मधल्या काळात साठणारे आम्ल स्लरीची क्षारता (आम्ल शमवण्याची ताकद) पचवत राहते, त्यामुळे क्षारता संपत आल्यावरच पीएच घसरतो. म्हणजे अचूक प्रोबसुद्धा बातमी उशिरानेच देतो. म्हणून २० मिलिलिटर गाळलेला नमुना घेऊन, सौम्य सल्फ्युरिक आम्लाने आधी ५.० आणि मग ४.४ पीएचपर्यंत टायट्रेशन, म्हणजे तिथवर यायला किती आम्ल लागते याचे मोजमाप, रोज हाताने करावे. त्यातून निघणारे आम्ल-क्षारता गुणोत्तर ०.४च्या वर जाऊ लागले की त्याच दिवशी फीड कमी करावे, पडद्यावर काहीही दिसो. प्रोब आपोआप धुणारी महागडी यंत्रणा घेतली की सुटलो, असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. माझ्या मते ज्याने स्वतः कधी टायट्रेशन केलेले नाही, त्याला या क्षेत्रात गुरू मानू नये.

वर्गीकरणाच्या पट्ट्यावरील बायकांना सर्वांत आधी कमी करण्याचा मोहही टाळा. दुधाच्या पिशव्या, शहाळी आणि हाडे मेटल डिटेक्टरला दिसत नाहीत, आणि त्यातले जे निसटते ते क्रशरची पाती तरी मोडते किंवा पंप तरी तुंबवते. एका बदललेल्या रोटरचा खर्च मजुरीच्या हिशेबात कोणीच धरत नाही.

तरीही घाबरून जाऊ नका. या धंद्यात ऑटोमेशनला खरी जागा आहे, आणि पीएलसीचे काम शिकणे तुम्हाला वाटते तितके अवघड नाही. गॅसहोल्डरचा दाब, टाक्यांची पातळी, जड बादल्या उचलणे आणि हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म यांपासून सुरुवात करा. हा वायू जास्त प्रमाणात असला की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. तिथे माणसाचा अनुभवही उपयोगाचा नाही, आणि बंद टाकीत कोणाला उतरवण्याची वेळच येऊ नये, यासाठी केलेला खर्च मी कधीही अडवणार नाही. पगाराची बचत दाखवायचीच असेल तर रात्रीच्या ऑपरेटरला घरी पाठवण्याऐवजी त्याला दिवसपाळीत टायट्रेशनचे काम द्या. आमच्याकडे ते काका आता तेच काम करतात.