ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्वतःच्या भाषेत टायमर कसा बसवावा

ठाण्यात मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी मी एक छोटी मराठी भाषा तयार केली असून ती ब्राउझरमध्येच चालते. टायमरची ओळख करून देताना मी ठाणे-वाशी लोकलचा फलक करायला सांगतो, कारण ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी हा क्रम मुलांना पाठ असतो. स्थानकाचा आकडा १ पासून सुरू होतो आणि मुले पुढे असे लिहितात:

दर २००० मिलीसेकंदांनी
  स्थानक = स्थानक + १
  दाखव यादी[स्थानक]
  जर स्थानक = ९ तर टायमर थांबव
संपले

ज्यांनी जावास्क्रिप्टमध्ये स्वतःचा इंटरप्रिटर, म्हणजे आपल्या भाषेतला प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम, लिहिला आहे आणि आता त्यात टायमर आणायचा आहे, त्यांच्यासाठी पुढील विवेचन आहे.

‘दर’ हा शब्द थेट ब्राउझरच्या ‘सेटइंटरव्हल’ या ठरावीक काळाने वाजणाऱ्या टायमरला जोडावा आणि त्याच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे वेळ झाल्यावर ब्राउझर बोलावतो त्या फंक्शनमध्ये, वापरकर्त्याचा ब्लॉक चालवावा, हा विचार सर्वप्रथम सुचतो आणि तोच टाळावा. जावास्क्रिप्टमध्ये हातातले काम पूर्ण झाल्याशिवाय पुढच्या कॉलबॅकची पाळी येत नाही. त्यामुळे मुख्य प्रोग्राममध्ये न संपणारे लूप असेल, तर टिक, म्हणजे वेळ भरल्याचा टायमरचा ठोका, कधीच पोहोचत नाही आणि ‘थांबा’चे बटणसुद्धा गोठते. याउलट इंटरप्रिटर अधूनमधून ब्राउझरला पाळी देत असेल, तर एखादी बेरीज अर्धवट असतानाच टायमरचा ब्लॉक सुरू होतो आणि तिच्याच स्टॅकवर (अर्धवट हिशेबातल्या किमती ठेवण्याच्या जागेवर) आपल्या किमती ठेवतो. माझ्या पहिल्या आवृत्तीत नेमके हेच घडले होते. उत्तर क्वचितच चुकत असल्यामुळे कारण सापडायला मला आठ दिवस लागले.

म्हणून आधी इंटरप्रिटर मध्येच थांबवता येईल असा करावा. त्यासाठी विधाने चालवणारी फंक्शन जनरेटर म्हणून, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा तिथूनच सुरू होणारी अशी, लिहिणे मला सर्वांत सोपे वाटते. सुमारे ८ मिलीसेकंद काम केले की ब्राउझरला पाळी द्यावी, कारण ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलीसेकंद मिळतात आणि त्यांतला निम्मा वेळ चित्रणासाठी राखलेला बरा. पाळी देण्यासाठी शून्य विलंबाचा ‘सेटटाइमआउट’ (एकदाच वाजणारा टायमर) पुन्हा पुन्हा वापरू नये. अशा हाका एकीतून एक पाचाहून अधिक वेळा लागल्या की ब्राउझर किमान ४ मिलीसेकंद थांबवतो, म्हणजे सुमारे एक तृतीयांश वेळ वाया जातो. ‘मेसेजचॅनल’ या ब्राउझरच्या निरोप पाठवण्याच्या सोयीने स्वतःलाच पाठवलेल्या निरोपाला ही अट लागू नाही.

यानंतर प्रत्येक टायमरची एक नोंद ठेवावी: कालावधी, पुढची नियोजित वेळ आणि चालवायचा ब्लॉक. मुख्य प्रोग्राम चालू असताना दर विधानाच्या शेवटी इंटरप्रिटरनेच या नोंदी तपासाव्यात आणि वेळ झालेला ब्लॉक स्वतंत्र स्टॅकवर चालवावा. ब्राउझरच्या टायमरकडे मग गजराच्या घड्याळाएवढेच काम उरते: इंटरप्रिटर रिकामा असेल तेव्हा सर्वांत जवळच्या नियोजित वेळेला त्याला जागे करणे. गजर लावताना २१४७४८३६४७ मिलीसेकंदांची, म्हणजे २५ दिवसांहून किंचित कमी अशी मर्यादा पाळावी, कारण त्यापुढचा आकडा दिल्यास कॉलबॅक जवळजवळ लगेच येतो. शिकाऊ भाषेत टायमरचा ब्लॉक पूर्ण होईपर्यंत मुख्य प्रोग्राम थांबावा आणि ब्लॉक चालू असताना त्याचीच पुढची टिक आली तर ती एकदाच लक्षात ठेवावी, असे माझे ठाम मत आहे; अन्यथा ‘स्थानक’ची किंमत मुलांच्या डोळ्यांदेखत अकारण बदलते.

वेळेचा हिशेब हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. पुढची नियोजित वेळ ‘आत्ताची वेळ अधिक कालावधी’ अशी न काढता ‘मागची नियोजित वेळ अधिक कालावधी’ अशी काढावी. दर वेळी ३ मिलीसेकंदांचा उशीर साचत गेला, तर हजार टिकनंतर फलक ३ सेकंद मागे पडतो. वेळ ‘परफॉर्मन्स.नाउ’ या ब्राउझरच्या फंक्शनकडून घ्यावी, कारण संगणकाचे घड्याळ कोणी मागेपुढे केले तरी ती उलटी जात नाही. टॅब नजरेआड गेला की ब्राउझर टायमर सेकंदाला एकदा इतके मंद करतात, आणि २०२१ मध्ये आलेल्या क्रोम ८८ पासून पाच मिनिटांनंतर साखळीने लावलेले टायमर सहसा मिनिटाला एकदाच जागे होतात. टॅबवर परतल्यावर हुकलेल्या सगळ्या टिक एकामागून एक चालवल्या, तर स्थानकांची नावे धडाधड उमटून जातात. म्हणून एकच टिक चालवावी आणि नियोजित वेळ कालावधीच्या पुढच्या पटीवर न्यावी. त्यामुळे टॅब सोडताना रबाळ्याला असलेली गाडी परतल्यावर फक्त घणसोलीलाच पोहोचते, हे मान्य करावे लागते. ज्यांना खरी वेळ पाळायची आहे त्यांच्यासाठी भाषेत ‘गेलेला वेळ’ देणारे फंक्शन ठेवावे, म्हणजे स्थानक टिक मोजून नव्हे तर वेळेवरून काढता येते.

मुख्य प्रोग्राम संपला तरी एखादा टायमर चालू असेल, तर प्रोग्राम चालूच मानावा. ‘थांबा’ दाबल्यावर गजर रद्द करून सर्व नोंदी पुसाव्यात आणि प्रत्येक धावेला वेगळा क्रमांक द्यावा. ‘मेसेजचॅनल’चा रांगेत गेलेला निरोप परत घेता येत नाही, म्हणून त्याच्यासोबतचा क्रमांक चालू धावेशी जुळला नाही तर तो सोडून द्यावा.

चाचणीसाठी इंटरप्रिटरला घड्याळ बाहेरून द्यावे. हे खोटे घड्याळ २००० मिलीसेकंदांच्या आठ पावलांनी १६००० वर नेल्यास फलकावर वाशी दिसली पाहिजे आणि एकही नोंद उरता कामा नये. तेच घड्याळ एका उडीत १६००० वर नेल्यास फलकावर दिघा गाव दिसावे आणि पुढची नियोजित वेळ १८००० असावी.