एचटीटीपीएस दिसलं की साइट खरी? ब्राउझिंग करताना या चुका टाळा

'वीजबिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कापलं जाईल, खालच्या लिंकवर लगेच भरा.' इंदूरमध्ये रामबागेत, लोकमान्य नगरात राहणाऱ्या आपल्या काका-आत्यांना असे मेसेज येत असतात. लिंक उघडली की बरेच जण एवढंच बघतात, पत्ता एचटीटीपीएसने (https) सुरू होतो ना? होत असेल तर साइट खरी, असं धरून चालतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

एचटीटीपीएस दोन कामं करतं. फोनपासून सर्व्हरपर्यंतचा, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकापर्यंतचा, सगळा मजकूर कूटबद्ध करतं, म्हणजे इतरांना न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात बदलतं. त्यामुळे मध्ये कुणी कान लावून बसला असला तरी त्याला तुमचा पासवर्ड वाचता येत नाही, की गुपचूप रक्कमही बदलता येत नाही. दुसरं, पत्त्याच्या पट्टीत जे नाव दिसतंय त्याच नावाच्या सर्व्हरशी तुम्ही जोडले गेलात, याची साइटच्या प्रमाणपत्रावरून, म्हणजे तिच्या डिजिटल ओळखपत्रावरून, खात्री करतं. पण त्या नावामागचा माणूस सज्जन आहे का, हे ते सांगत नाही. लेट्स एनक्रिप्टसारखी संस्था प्रमाणपत्र फुकट देते. त्यामुळे छोट्या साइटही सुरक्षित झाल्या, हे फार चांगलं झालं. पण भामट्यालाही ते तितक्याच सहज मिळतं. पत्त्याजवळ कुलपाचं चिन्ह म्हणजे विश्वासू साइट हा समज इतका पसरला होता, की गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते चिन्हच बदललं.

म्हणून नाव वाचा, आणि शेवटाकडून वाचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली रेघ शोधा. तिच्या लगेच आधी असतं ते साइटचं खरं नाव. त्याच्या आधी, डावीकडे, बँकेचं नाव कुणीही चिकटवू शकतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' (.bank.in) पत्त्यावर यायला सांगितलं होतं. नेटबँकिंगच्या साइटच्या नावाचा शेवट तसा नसेल तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुसरी चूक म्हणजे 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असा इशारा आला की 'तरीही पुढे जा' दाबणं. आधी फोनची तारीख-वेळ बघा. प्रमाणपत्राला मुदत असते, त्यामुळे तारीख चुकली की चांगली साइटही नाकारली जाते. तारीख बरोबर असेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. इशारा गेला तर अडचण त्या वायफायची. स्टेशनवर किंवा कॅफेत लॉगिनचं पान भरायचं राहिलं तरी असं होतं. अनेक वर्षं अपडेट न झालेल्या फोनमध्ये मूळ प्रमाणपत्रांची, म्हणजे ज्यांच्या भरवशावर बाकीची प्रमाणपत्रं तपासली जातात त्यांची, यादीच जुनी असते, तिथे ब्राउझर अपडेट करून बघा. इशारा तरीही राहिला, तर बँकेच्या साइटवर पुढे जाऊ नकाच.

कुणी फोनवर सांगून 'हे सर्टिफिकेट टाकून घ्या' म्हणालं, तर स्पष्ट नकार द्या. तसं प्रमाणपत्र बसवलं की त्या माणसाला मध्ये बसून तुमचा कूटबद्ध मजकूर वाचायची वाट मिळते.

आणि ब्राउझरच्या गुप्त (इन्कॉग्निटो) विंडोवर फार भिस्त ठेवू नका. एचटीटीपीएसमुळे तुम्ही कोणतं पान वाचलं, काय भरलं हे झाकलं जातं. पण कोणत्या साइटवर गेलात हे इंटरनेट कंपनीला सहसा कळतंच, विंडो गुप्त असली तरी. त्यापेक्षा क्रोमच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरा' चालू करा. मग एचटीटीपीएस नसलेल्या उघड्या कनेक्शनवर जाण्याआधी ब्राउझर तुम्हाला विचारतो.